तलावपाळीवर अडतीस जण

सातवीच्या ३८ मुलांना ठाण्याच्या मासुंदा तलावावर नेऊन एकालाही पाण्यात पडू न देणं, एवढंच खरं तर माझं काम होतं. बाकीचं माझी हौस. संगीताच्या तासाला पेटी बाहेर काढून जागेवर ठेवेपर्यंतच घंटा वाजते, तेव्हा म्हटलं, यांना निदान गडकरी रंगायतन आतून दाखवावं. मुलांना अर्थातच बोटिंग हवं होतं.

दुपारच्या प्रयोगाचा सेट लागत होता. तिथल्या एका काकांनी मोठ्या मनाने आम्हाला रंगमंचावर उभं राहू दिलं. विंगा, वरचे दिवे, खाली रिकाम्या खुर्च्या. मुलं एकदम गप्प झाली. वर्गात हे मला वर्षभरात जमलेलं नाही. पहिली, दुसरी, तिसरी घंटा काय असते ते काकांनी सांगितलं, तर एक जण म्हणाला, "मग तिसरीलाच यायचं ना!" काका हसले, "ठाणेकर तेच करतात."

मी पाठ करून नेलेलं सुरू केलं. हे नाट्यगृह १९७८ सालचं. नाव राम गणेश गडकरींचं. ते १९१९ साली गेले तेव्हा पस्तिशीचेही नव्हते आणि त्यांचं 'एकच प्याला' रंगमंचावर आलं ते त्यांच्यामागे.
"बाई, गाणी पण त्यांचीच?"
"नाही, त्यातली पदं विठ्ठल गुर्जरांची."
"मग त्यांच्या नावाचं थिएटर कुठंय?"
मी विषय बदलला.

बाहेर कट्ट्यावर डबे उघडले. तिथे मी पी. सावळाराम काढले, कारण ते आपल्या ठाण्याचे, महापालिका होण्याआधी इथले नगराध्यक्ष होते आणि गाणी लिहायचे. कोणाला काही पडलेलं नव्हतं. म्हणून 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' म्हणायला लागले. लता मंगेशकरांनी गायलेलं, वसंत प्रभूंची चाल. दुसऱ्याच ओळीला माझा सूर उतरला.

"असं नाय बाई."

हा आमचा मागच्या बाकावरचा. वहीत त्याच्या नावापुढे मीच 'बेसूर' असं लिहिलेलं आहे. त्याने शब्द म्हटलेच नाहीत. तोंडानेच क्लॅरिनेट वाजवली, मधल्या तुकड्यांसकट, जिथे श्वास घ्यायचा तिथे घेत. त्याचे पप्पा लग्नाच्या बँडमध्ये आहेत. वरातीत काय वाजतं, मांडवाशी आल्यावर काय, ते त्याला क्रमाने पाठ होतं आणि हे पाठवणीचं. "हे लावलं की सगळे रडतात. नवरीची आजी तर आधीपासूनच. मग पप्पा हळू वाजवतात." गाणं कोणी लिहिलंय हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आणि मी वर्षभर त्याला सा लावायला सांगत होते, तेसुद्धा माझ्या पट्टीत!

मुलींनी पुन्हा म्हणायला लावलं. त्याने पुन्हा म्हटलं. शेजारी भेळ खात बसलेल्या दोन बायका हात थांबवून ऐकत राहिल्या.

"हे गाणं लिहिणारे इथंच राहायचे?" त्याने विचारलं.
"ठाण्यातच."
"पप्पांना सांगतो. आता डीजेमुळे सुपारी कमी येते, तरी हे गाणं मागतातच."

परत निघताना डोकी मोजली तर ३७ भरली. काळजाचं पाणी झालं. हा पठ्ठ्या रंगायतनच्या दाराशी काकांना विचारत होता, बँडवाल्यांना आत वाजवायला देतात का.
"प्रयोगाला देतात," काका म्हणाले. "तिसऱ्या घंटेच्या आधी यायचं मात्र."