मच्छीमार सोसायटीच्या जुन्या वह्या वाचवल्या, त्याचा माझा अनुभव

आमचं गाव तापीकाठी, सुलवाडे बॅरेज (नदीवरचा बंधारा) आणि सारंगखेड्याच्या मधल्या पट्ट्यात. भोईवाड्यात मच्छीमार सोसायटी आहे, माझ्या आजोबांच्या वेळची. मागच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या खोलीचे पत्रे बदलायला काढले, म्हणून लोखंडी कपाट सरकवलं तर मागे सगळी वाळवी आणि खालच्या खणात वह्यांचा गठ्ठा. चेअरमन काका म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, रद्दीमा दी टाक." मी घरी घेऊन जातो म्हटलं तर सेक्रेटरी आडवे आले, उद्या ऑडिटला काही मागितलं तर कोणाचं नाव सांगू? खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं, सोसायटीचं दप्तर असं कोणी पिशवीत घालून नेत नाही. मग कमिटीत ठराव घेतला, वह्या मोजून यादी केली, दोघांच्या सह्या, आणि मग कुठे त्या माझ्या ताब्यात आल्या. यात दीड महिना गेला.

पहिली चूक माझीच. एक सुटं पान फाटत चाललं होतं म्हणून तालुक्याला जाऊन लॅमिनेशन करून आणलं, लय खुश होतो मी. नंतर एका कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमना दाखवलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की परत निघत नाही, आणि सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागद खातो. त्यांनी सांगितलं तसं केलं, म्हणजे गंजलेल्या टाचण्या हळूच काढल्या, मऊ ब्रशने धूळ झाडली, वह्या सावलीत उघड्या ठेवल्या (उन्हात नाही!), मग मोबाईल स्टँडला लावून खिडकीच्या उजेडात एकेक पानाचा फोटो. फाईलला नाव वही नंबर आणि पान नंबर, बस.

खरी मजा पुढे. सगळ्यात जुन्या वहीवर साल नव्हतंच, आतल्या पानांवर नुसत्या तिथ्या. पण पुठ्ठ्यावर "जिल्हा पश्चिम खानदेश" छापलेलं, ते शाईने खोडून वर "धुळे" लिहिलेलं, म्हणजे वही जिल्ह्याचं नाव बदलून धुळे व्हायच्या आधीपासून चालू आहे. आत पैशांचे रकाने रु. आ. पै. (रुपये, आणे, पै) आणि मधेच एका पानापासून न. पै. सुरू होतात. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कोणती पानं त्याच्या आधीची आणि कोणती नंतरची ते आपोआप ठरलं. मासळीचं वजनही आधी शेर-मणात आणि पुढे किलोत. मी दोन रात्री या आकड्यांतच होतो, बायको म्हणे काय लॉटरी लागली का.

पण शब्द अडले. मरळ, वाम, शिवडा ही माशांची नावं समजली. एका ठिकाणी "सांगड ४, भोपळे ११" असं लिहिलेलं. मला वाटलं नदीतल्या डांगर-टरबुजाच्या वाड्यांसारखा भाजीचा हिशोब असेल, तसं एक्सेलमध्ये "भाजीपाला" लिहूनही टाकलं! शेवटी भोईवाड्यातल्या आबांकडे गेलो, वय ऐंशीच्या पुढे. ते हसत सुटले. सुकवलेले भोपळे बांधले की सांगड, त्यावर छाती टेकून पोहत नदीत मधोमध जायचं आणि जाळं टाकायचं. होड्या सगळ्यांकडे कुठे होत्या. जाळं सुती, त्याला बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे म्हणजे लवकर कुजत नाही, म्हणून वहीत "साल" ही खरेदी दर पावसाळ्याआधी. ती मी वर्ष समजून बसलो होतो. पुढच्या वहीत नायलॉन आलं आणि साल गायब, त्यानंतर बोटुकलीची (बोटाएवढ्या माशाच्या पिल्लांची) खरेदी सुरू, म्हणजे नदीत मिळतं तेवढंच धरायचं हे संपून बीज सोडायचं सुरू झालं. आता बॅरेजमुळे पाणी तुंबलेलं असतं, आबा ज्या वाळूवर वाडी करायचे ती वाळू पाण्याखाली आहे.

म्हणून मी कामाचा क्रम बदलला, आधी आबा आणि मग स्कॅनिंग. रोज संध्याकाळी एक पान वाचायचं, ते बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड, आधी त्यांना विचारून. रेकॉर्डिंग चालू झालं की पहिले दोन दिवस ते पुस्तकी मराठीत बोलायचे, तिसऱ्या दिवशी अहिराणीवर आले.

एका संध्याकाळी सभासदांच्या पानावर त्यांच्या वडिलांचा अंगठा निघाला, बाजूला नाव आणि शेअर्सचे पाच रुपये. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, याना फोटो माले लॅमिनेशन करीसन दे." दिला करून, फोटोच. मूळ वही डब्यात आहे.