चार बाय दोनच्या फळीवर नॅरोगेज

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. शाळेची घंटा, मधल्या सुटीतले डबे, बाकांवर करकटकाने कोरलेली नावं हे सगळं त्यांच्या लेखांत येईलच. मला समितीने वेगळंच काम सांगितलं. छंदवर्गासाठी नॅरोगेज (दोन रुळांत कमी अंतर असलेल्या) रेल्वेचा देखाव्यासकट छोटा लेआउट, म्हणजे फळीवरची चालती प्रतिकृती, करायचा आहे, तो कसा करावा हे मुलांना उमगेल असं लिहा म्हणाले. तेव्हा हे मनोगत म्हणजे कार्यानुभवाच्या तासाचा राहिलेला भाग समजावा.

नॅरोगेज निवडण्याचं पहिलं कारण जागा. ब्रॉडगेजची गाडी शोभून दिसायला डबे जास्त आणि वळणं लांबलचक लागतात. नॅरोगेजचं इंजिन दोन डबे घेऊन अंग चोरून वळलं, तरी ते खरंच वाटतं. दुसरं कारण आपल्या मुलखाचं. नाशिक रोड स्टेशन ते गाव अशी ट्रॅम १८८९ च्या सुमारास सुरू झाली ती २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी रुळांवर, आणि ओढायला घोडे. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. बार्शी लाइट रेल्वे (१८९७), पाचोरा–जामनेर आणि मूर्तिजापूरची शकुंतला ही गाडीसुद्धा याच मापाच्या होत्या. नेरळ–माथेरान मात्र २ फुटी, ६१० मिमी. लेआउट यांपैकी कोणत्या मापाचा ते पहिल्याच दिवशी ठरवावं, कारण पुढचं सगळं गणित त्यावर बसतं.

गणित सोपं आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७, यात खरा १ फूट मॉडेलमध्ये ३.५ मिमी होतो. ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ येतं, आणि बाजारात एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलगाड्यांचा, रूळ मिळतो ९ मिमीचा. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणजे एन गेजचे तयार रूळ आणि इंजिनाचं तयार चेसिस (मोटर-चाकांसकट खालचा सांगाडा) घ्यायचं आणि वरचं सगळं एचओच्या मापाने करायचं. साडेपाच फुटी माणूस १९ मिमीचा, साडेसहा फुटी दार २३ मिमीचं. माथेरान करायचं असेल तर ६१० चे ७ मिमी होतात आणि ९ च्या रुळावर गाडी फेंगडी दिसते. म्हणून शाळेसाठी ७६२ मिमीच बरं. एक खबरदारी घ्यावी. एन गेजच्या रुळाच्या फळ्या, म्हणजे स्लीपर, बारीक आणि दाट असतात. त्या वापरल्या तर नॅरोगेज न दिसता लांबून पाहिलेलं ब्रॉडगेज दिसतं. पेकोसारख्या कंपन्यांचा खास नॅरोगेजचा ९ मिमी फ्लेक्सी ट्रॅक (हवा तसा वळवता येणारा रूळ) मिळतो, त्यात स्लीपर विरळ आणि थोडे वाकडेतिकडे असतात. पैसे खर्च करायचे ते इथे आणि इंजिनावर. बाकीचं सगळं नाशकात मिळतं.

फळी १२०० बाय ६०० मिमीची घ्यावी. ८ बाय ४ फुटी प्लायमधून अशा चार निघतात, तेव्हा दुकानातच कापून घ्यावं. १२ मिमी प्लाय, त्याखाली ७० मिमी उंचीच्या पट्ट्यांची चौकट, आणि दर ४०० मिमीवर एक आडवी पट्टी. कापलेल्या कडांसकट सगळ्या बाजूंना सीलर किंवा रंगाचे दोन हात द्यावेत. वरच्याच बाजूला रंग दिला तर जुलैत खालून ओल शिरते, फळी बाक घेते आणि जोडाजोडांवर रूळ उचलले जातात. प्लायवर ५० मिमीची एक्सपीएस (टणक फोमची) शीट बसवावी. साधा थर्माकोल चालतो, पण त्याचे पांढरे मणी इंजिनाच्या गिअरमध्ये जातात. दोन्हींना फेव्हिकॉल चालतो. थिनर, पेट्रोल किंवा रबरी चिकटद्रव लावलं की शीट विरघळून खड्डा पडतो.

आता रूळ. सगळ्यांना डोंगर, बोगदे आणि आठच्या आकड्यासारखी एकावरून एक जाणारी लाइन हवी असते. या फळीवर एकावरून एक लाइन होत नाही, आणि का होत नाही ते हिशेबाने पाहा. ६०० मिमी रुंदीत २२८ मिमी, म्हणजे ९ इंच त्रिज्येचं वळण आरामात बसतं. दोन्ही टोकांची वळणं मिळून १४३२ मिमी आणि मधले सरळ भाग ६०० अधिक ६००, एकूण फेरी २६३२ मिमीची. खालच्या गाडीवरून वरचा रूळ जायला निदान ५० मिमी उंची लागते. १:३० चा चढ धरला तर चढायला १५०० आणि उतरायला १५०० लागतात. तीन हजार मिमी आणायचे कुठून? चढ वाढवून १:१५ केला तर छोट्या इंजिनाची चाकं जागीच फिरतात. म्हणून रूळ सपाट ठेवावा आणि जमीन चढवावी-उतरवावी. शीटमध्ये ४० मिमी खोल नाला कोरून त्यावर पूल टाकला आणि पलीकडे रुळाला लागून १५० मिमीचा कडा उभा केला, की गाडी घाटात चालल्यासारखी वाटते. मोटरवर भार काहीच येत नाही.

फ्लेक्सी ट्रॅक वळवताना आतला रूळ बाहेर सरकतो, तो कापावा लागतो. जोड वळणावर येत असेल तर दोन तुकडे सरळ असतानाच जॉइनर (रुळांची टोकं जोडणारा धातूचा तुकडा) घालून डाख द्यावा आणि मग वळवावं. आधी वळवून नंतर जोडलं की जोडावर कोपरा पडतो आणि गाडी तिथेच उतरते, दर फेरीला. डाखासाठी २५ ते ३५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. शेजारच्या स्लीपरवर ओला टिश्यू ठेवावा आणि टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर प्लॅस्टिक वितळून गेज बदलतं. सरळ भागांतले जोड मात्र डाखाविना मोकळे ठेवावेत. निकेल-सिल्व्हरचा मीटरभर रूळ ३० अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि जानेवारीतली पहाट ते मेमधली दुपार एवढा फरक नाशकात सहज पडतो. थंडीत रूळ टाकत असाल तर जोडात अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. मेमध्ये टाकत असाल तर भिडवून टाकला तरी चालेल.

जोडावर नख फिरवावं. नखाला लागलं तर चाकालाही लागणार, तिथे बारीक कानस मारावी. मग दोन डबे इंजिनापुढे लावून ढकलत न्यावेत, सुलट आणि उलट. ओढून नेताना गुमान चालणारे डबे ढकलताना रुळाचा प्रत्येक दोष दाखवतात. ढकलगाडी दोन्ही दिशांनी वीस-वीस फेऱ्या बिनबोभाट झाल्याशिवाय मुरुमाचा एक कणही टाकू नये. पोरांना डोंगराची घाई असते, सरांनी इथे खमकं राहावं.

वीज १२ व्होल्ट डीसी. एक अँपिअरचा अडॅप्टर आणि वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम कंट्रोलर पुरे. डिजिटल कंट्रोलच्या मागे पहिल्या लेआउटला लागू नये. रुळाला एकाच ठिकाणी वायर जोडली की नव्याचे नऊ दिवस सगळं चालतं. पावसाळ्यात जॉइनर गंजट होतात आणि गाडी लांबच्या वळणावर मंदावते. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला आपली स्वतःची लाल-काळी जोडी असावी, आणि त्या सगळ्या फळीखालच्या १ चौमिमीच्या मुख्य वायरीला जाऊन मिळाव्यात. स्टेशनात लूप, म्हणजे बाजूची दुसरी लाइन, घातली तर दोन पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) लागतील. पॉइंटचा मधला फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा असेल तर चार चाकी छोटं इंजिन नेमकं तिथेच मरतं. वीज वाहणारा धातूचा फ्रॉग घ्यावा, आणि लूपमध्ये फ्रॉगकडून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर घालावेत. ते विसरलं की पॉइंट बदलताक्षणी शॉर्ट होतं.

इंजिनासाठी काटोसारख्या कंपनीचं चार चाकी किंवा बोगीचं (खाली फिरणाऱ्या चाकगाड्यांचं) चेसिस घेऊन त्यावर १ मिमी स्टायरीनची (प्लॅस्टिकच्या पत्र्याची) किंवा थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवावी. आत शिशाचे तुकडे भरून वजन वाढवावं, पण ते दोन्ही टोकांना सारखं पडेल असं. डबे ३४ फुटी, म्हणजे १२० मिमी. लूपमध्ये इंजिन आणि असे दोनच जेमतेम मावतात. बोगीच्या मध्यांमधलं अंतर ८० मिमी धरलं तर २२८ च्या वळणावर डब्याचा मधला भाग आत ३.५ मिमी येतो आणि टोकं बाहेर ४.३ मिमी जातात. डबा २४.५ मिमी रुंद, म्हणजे वळणावरच्या बोगद्याचं तोंड ४० मिमीपेक्षा कमी ठेवून चालत नाही. सरळ रुळावर मोजून केलेला बोगदा डबे खरवडतो. बोगद्याच्या मागच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकीही हवीच. गाडी आत उतरली तर डोंगर फोडणार का?

देखाव्याबद्दल माझा आग्रह एकच आहे, डोंगर आपला असावा. परदेशी पुस्तकांत कड्यांच्या भेगा तिरक्या दाखवतात, कारण तिकडचे खडक तसे असतात. आपला काळा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. थर आडवे, कडा उभा, मध्ये पायरी, पुन्हा कडा, आणि दोन थरांच्या मधे कुठेकुठे लालसर पट्टा. भूगोलाच्या तासाला हे शिकवलेलं असतं आणि अंजनेरी रोजच्या बघण्यातली असते, तरी चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी त्रिकोणी डोंगरच काढले. मागच्या पडद्यावर माथे सपाट काढा. खालच्या बाजूला आकाश जवळजवळ पांढरं, वर निळं, आणि पडद्याचे कोपरे गोल वळवलेले, म्हणजे तिथे सावलीची उभी रेघ दिसत नाही.

एक्सपीएसचे ५० मिमी जाडीचे तुकडे आडवे रचत प्रत्येक वरचा १०-२० मिमी मागे घ्यावा. त्यावर पीओपीचा ५ मिमीचा थर. दोन माप पावडर, एक माप पाणी, आणि पावडर पाण्यात टाकायची. पाणी पावडरीत ओतलं की गुठळ्या होतात. पिशवी उघडून महिनाभर पडलेलं पीओपी नीट आवळत नाही, ते घेऊ नये. मिश्रणातच फरशीचा काळा ऑक्साईड चिमूटभर घालावा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आत पांढरं दिसत नाही. थर आवळत आला, पण नख रुतेल एवढा ओला असताना जुन्या करवतीच्या पात्याने आडवे ओरखडे आणि मधूनमधून उभे तडे काढावेत. वाळल्यावर करडा रंग, त्यावर खूप पातळ काळं पाणी, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशाने फिकट राखाडी रंग फक्त कंगोऱ्यांवर.

रुळाखालची खडी नदीच्या वाळूची करता येते. चहाच्या गाळणीतून खाली पडलेली आणि मैद्याच्या चाळणीवर राहिलेली, तेवढीच घ्यावी. मग ती कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवावं, एकदा नव्हे, चुंबकाला काही चिकटायचं थांबेपर्यंत. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. ते काळे कण मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि महिन्याभरात इंजिन कुरकुरायला लागतं. देखाव्याला घेतलेली शेतातली काळी मातीही अशीच चुंबकाखालून काढावी आणि कढईत कोरडी भाजून घ्यावी. खडी रुळांत कोरडीच ब्रशाने बसवावी. मग पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मंनिम्मं फवारावं, आणि लगेच ड्रॉपरने फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. आधी फवारलं नाही तर फेव्हिकॉलचे थेंब गोळे होऊन खडी उचलतात. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांजवळ एक इंच जागा खडीविना सोडावी.

ऋतू एकच ठरवावा. मला फेब्रुवारी सोयीचा वाटतो. गवत पिवळं, नाला कोरडा, म्हणजे रेझिनचं पाणी करायची कटकट नाही. एखादी काटेसावर बिनपानांची, लाल फुलांची. आणि शेजारी द्राक्षबाग. नऊ बाय पाच फुटांची लागवड धरली तर ओळींत ३१.५ मिमी आणि वेलींत १७.५ मिमी अंतर येतं. २०० बाय १२० च्या तुकड्यात चार ओळी, ओळीत अकरा वेली. वाय आकाराचे खांब तांब्याच्या तारेचे, उंची २२ मिमी.

झाडांच्या सांगाड्याला द्राक्षाच्या घडाच्या वाळलेल्या काड्यांसारखं दुसरं काही नाही. मणी खुडल्यावर उरलेला देठ उलटा धरला की फांद्या फुटलेलं झाड तयार. तो गरम पाण्यात दोनदा धुवावा, गोडवा राहिला तर मुंग्या लागतात. सावलीत वाळवून पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवावा, नाहीतर हात लागताच मोडतो. लहान झुडपांना तुळशीच्या जुन्या मंजिऱ्यांच्या काड्या. पानांसाठी बारीक चाळलेला लाकडाचा भुसा पोस्टर कलरमध्ये तीन वेगवेगळ्या हिरव्यांत रंगवावा. एकाच हिरव्याने सगळं खेळण्यासारखं दिसतं.

उभं गवत हवं असेल तर डास मारायच्या रॅकेटचा उपयोग होतो. तिच्या जाळीच्या दोन वायरींपैकी एक धातूच्या गाळणीला आणि दुसरी ओल्या फेव्हिकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला जोडायची, गाळणीत २ मिमीचे स्टॅटिक ग्रासचे तंतू घेऊन हलवायची, की तंतू उभे राहतात. कापलेला ताग किंवा लोकर अशी उभी राहत नाही, तंतूंवर त्यासाठीची प्रक्रिया केलेली असावी लागते. बटण सोडल्यावरही रॅकेटमध्ये झटका शिल्लक असतो. दोन टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून तो काढल्याखेरीज काही हातात घ्यायचं नाही. हे काम सर समोर असतानाच करावं.

देखाव्याच्या सगळ्या कामांत रुळांवर मास्किंग टेप असावी आणि ती पीओपी पुरतं वाळण्याआधी काढावी. लेआउट ९० सेमी ते १ मीटर उंचीवर मांडला तर पाचवीतल्या मुलालाही गाडी बाजूने दिसते, विमानातून पाहिल्यासारखी वरून नाही. प्रदर्शनानंतर वरून झाकण घालून आडवाच कोरड्या खोलीत ठेवावा. पावसाळा संपल्यावर बाहेर काढताना आधी ब्रशाने धूळ, मग आयसोप्रोपिल लावलेल्या सुती फडक्याने रूळ पुसावेत. पॉलिश पेपर मारू नये, ओरखड्यांत घाण लवकर साचते. नंतर एकटा डबा हाताने पूर्ण फेरी ढकलून पाहावा, आणि कुठेच अडला नाही तर इंजिन रुळावर ठेवावं.