रामशेज पाहिलेल्या डोळ्यांनी परदेशातले किल्ले

नाशिककराला किल्ला समजावून सांगावा लागत नाही. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या चढल्या, साल्हेरच्या माथ्यावर वारा खाल्ला, रामशेजची टाकी पाहिली, की दरवाजा, बुरूज, जंग्या (मारा करायला भिंतीत ठेवलेली भोकं), बालेकिल्ला हे शब्द पायांना कळलेले असतात. तरीही परदेशात गेल्यावर हीच माणसं किल्ल्यासमोर फोटो काढून तासाभरात बसमध्ये परत बसतात. याची मुख्य कारणं मला दोन वाटतात. तिकिटाचं गणित चुकतं, आणि आत शिरल्यावर नेमकं कुठून पाहायला लागायचं हे ठरलेलं नसतं.

आधी तिकीट. स्पेनमध्ये ग्रानादा शहरातला अल्हांब्रा किल्ला हे याचं सगळ्यात कडक उदाहरण. पूर्ण तिकिटात तीन मोठे भाग येतात: अल्काथाबा म्हणजे जुना लष्करी भाग, हेनेरालिफेच्या बागा आणि नसरी राजवाडे, म्हणजे तिथल्या नसरी सुलतानांचे महाल. तिकिटावर छापलेली वेळ असते ती फक्त राजवाड्यांची. ती चुकली की आत सोडत नाहीत, विनंतीचा उपयोग होत नाही. हेनेरालिफेच्या बाजूच्या दारातून आत आलात तर राजवाड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. वेळ साडेदहाची असेल तर दहाला बागेत रमू नका. आधी राजवाड्याच्या रांगेपाशी जा, बागा नंतर निवांत पाहा.

तिकीट नावावर असतं आणि आत जाताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स चालेलच असं धरू नका. बुकिंग करताना नाव आणि आडनाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. घरातल्या लहान मुलांचीही नावं घाला. बुकिंगनंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर नंबर बदलतो, अशा वेळी जुना पासपोर्टही सोबत ठेवा. गर्दीच्या महिन्यांत ही तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा तो लवकर करा आणि व्हिसा हातात पडल्याच्या दिवशीच तिकीट काढा. मधल्या दलालांच्या वेबसाइट दिसायला अधिकृत वाटतात आणि जास्त पैसे घेतात, म्हणून किल्ल्याची स्वतःची वेबसाइट शोधा.

पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं, याचंही साधं कारण असतं. नवं कार्ड मुळात देशांतर्गत व्यवहारांपुरतं चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार दोन्ही सुरू करा आणि मर्यादा वाढवा. हे घरी बसून करायचं काम आहे. तिकडे गेल्यावर भारतातला नंबर बंद असेल तर ओटीपी येणार नाही.

सुट्टीचे दिवसही आधी पाहून घ्या. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. शिवाय मुंबईहून पोहोचलात त्याच दिवशीची वेळ घेऊ नका. कसारा घाटातली वाहतूक, विमानाचा उशीर आणि न झालेली झोप हे सगळं एकाच दिवशी अंगावर येतं.

आता आतलं पाहणं. माझा आग्रह असा की किल्ला नेहमी हल्लेखोराच्या वाटेने पाहावा. अल्हांब्राचा न्यायद्वार दरवाजा, १३४८ चा, सरळ आत नेत नाही. आत वळणं घ्यावी लागतात, म्हणजे घुसणाऱ्याचा वेग तुटतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपवला आहे, त्यामागचा हेतूही हाच. पाण्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. आपल्याकडे कातळात टाकं खोदलं की काम भागतं. अल्हांब्रात दार्रो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून कालव्याने आणलं. बागेतली कारंजी पाहताना हा कालवा डोळ्यांसमोर ठेवा, मग १४९२ पर्यंत टिकलेली ती नसरी राजवट जास्त कळते.

हल्लेखोराच्या वाटेचा सगळ्यात सुंदर धडा जपानच्या हिमेजी किल्ल्यात आहे. आजचा मुख्य मनोरा १६०९ चा, लाकडाचा, बाहेरून पांढऱ्या चुन्याचा लेप दिलेला. हा लेप आगीपासून बचावासाठी. दरवाज्यांना इ, रो, हा, नि अशी जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाची नावं आहेत. मनोरा समोर दिसत असतो, पण वाट वळत जाते, मध्येच त्याच्याकडे पाठ फिरते आणि पुढचा दरवाजा अरुंद होतो. चालताना भिंतीतल्या जंग्यांचे आकार बघत जा: उभ्या आयताच्या धनुर्धरासाठी, गोल, त्रिकोणी आणि चौकोनी बंदुकीसाठी. कोपऱ्यांना बाहेर काढलेले झरोके खाली दगड टाकायला. बाहेरून पाच मजली दिसणाऱ्या या मनोऱ्यात आत सहा मजले आणि तळघर आहे.

मनोऱ्यात बूट काढून पिशवीत धरावे लागतात. जिने खडे आणि गुळगुळीत, मोजे घसरतात. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांनी खालचं आवार आणि दरवाजे निवांत पाहावेत, वर जाण्याचा हट्ट नको. शिन-ओसाका स्टेशनहून शिंकान्सेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, साधारण अर्धा तास, स्टेशनपासून सरळ रस्त्याने पायी पंधरा-वीस मिनिटं. २९ आणि ३० डिसेंबरला बंद.

पहिल्याच परदेशवारीत किल्ला बघायचा असेल तर श्रीलंकेतला गाल्ल घ्या. तटावर फिरायला तिकीट नाही. पोर्तुगीजांनी सुरू केलेला हा कोट डचांनी वाढवला. जमिनीकडच्या बाजूला सूर्य, चंद्र आणि तारा अशी नावं असलेले बुरूज आहेत. भिंती जाड आणि ठेंगण्या का, तर उंच भिंत तोफेला सोपी पडते. सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. पूर्ण फेरीला दीड-दोन तास पुरतात.

जॉर्डनचं पेट्रा हे कातळात कोरलेलं प्राचीन शहर किल्ला नव्हे, पण सह्याद्रीत चालणाऱ्यांना ते फार जवळचं वाटेल. सिक नावाची घळ सुमारे १.२ किलोमीटर, तिच्या आतल्या टोकाशी ‘खजिना’ नावाच्या वास्तूची कातळकोरीव दर्शनी भिंत. बहुतेक लोक तिथूनच मागे फिरतात. पुढे ‘मठ’ नावाच्या वास्तूपर्यंत आठशेवर पायऱ्या आहेत, आणि तो खजिन्यापेक्षा मोठा आहे. नाशिकहून निघण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा पांडवलेणी चढा, पाय तयार होतात. जॉर्डन पास आधी ऑनलाइन घेतला आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसा फी माफ होते. एका दिवसात सगळं करायचं असेल तर दार उघडताच आत शिरा, दोन लिटर पाणी माणशी घ्या आणि थोडी ताकद राखून ठेवा. आत जाताना सिक उताराची असते, दमून परतताना तोच सगळा चढ असतो.