लायब्ररी असूनही बिल्ड म्हणतं, सापडत नाही

अंधेरी-पवईच्या ऑफिसांत नेहमी दिसणारी जोडी: लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स, सर्व्हरवर रेड हॅट घराण्यातलं लिनक्स. तोच कोड एकीकडे बिल्ड होतो, दुसरीकडे लिंकर (कंपाइल झालेला कोड आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्राम) 'कॅनॉट फाइंड' म्हणून अडून बसतो. पॅकेज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसण्याआधी बघा, फाइल मुळात नाहीच, की आहे पण भलत्याच डिरेक्टरीत? (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

६४-बिट लायब्ररी फेडोरा आणि रेड हॅटमध्ये /यूएसआर/लिब६४ मध्ये असतात. उबुंटूने २०११ च्या ११.०४ पासून त्या /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये हलवायला सुरुवात केली; डेबियनही तसंच. आर्च लिनक्समध्ये सरळ /यूएसआर/लिब, लिब६४ ही नुसती सिमलिंक, म्हणजे त्याच डिरेक्टरीकडे बोट दाखवणारं दुसरं नाव. त्यामुळे बिल्डची तयारी करणारी एखादी कॉन्फिगर स्क्रिप्ट ठरावीक पाथवरच फाइल शोधत असेल, तर ती कुठे ना कुठे अडणारच.

सगळ्यात गोंधळात टाकणारी एरर म्हणजे सीआरटी१.ओ न सापडणं. ही फाइल तुमच्या कोडमध्ये कुठेच नसते. प्रोग्राम सुरू करणारा हा जीलिबसीचा (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचा) तुकडा जीसीसी हा कंपायलर लिंक करताना आपणहून जोडतो. 'जीसीसी -प्रिंट-फाइल-नेम=सीआरटी१.ओ' चालवा. पूर्ण पाथ आला तर कंपायलरला फाइल दिसते आहे. नुसतं नावच परत आलं तर दिसत नाही. मग 'फाइंड /यूएसआर -नेम सीआरटी१.ओ' करा. तिथेही काही नाही? मग उबुंटूवर लिबसी६-डेव्ह, फेडोरावर जीलिबसी-डेव्हेल घाला. फाइल सापडली, तर कंपायलर बहुधा मल्टिआर्च (उबुंटू-डेबियनची वर सांगितलेली डिरेक्टरी-रचना) न ओळखणारा जुना जीसीसी आहे: लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमध्ये ती डिरेक्टरी द्या. हेडर (.एच) फाइलवरून रडत असेल तर सी_इन्क्लूड_पाथमध्ये /यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.

अशा वेळी सिस्टिम डिरेक्टरीत हाताने सिमलिंक करू नका, कितीही मोह झाला तरी. पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ता नसतो. पुढच्या अपडेटला मूळ फाइलचं नाव किंवा जागा बदलली की ती तुटते आणि एरर नव्या जागी उगवते.

'-एलएसएसएल' (ओपनएसएसएलची लायब्ररी जोडायला सांगणारा पर्याय) अडलं तर कारण वेगळं असू शकतं. रनटाइम पॅकेजमध्ये लिबएसएसएल.एसओ.३ असते, पण लिंकरला आकडा नसलेलं लिबएसएसएल.एसओ हवं असतं. ते उबुंटूवर लिबएसएसएल-डेव्हमध्ये, फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हेलमध्ये मिळतं.

स्वतः बिल्ड केलेल्या लायब्ररीचं दुखणं रेड हॅटवर जास्त. सीमेक या बिल्ड टूलचं जीएनयूइन्स्टॉलडिर्स (इन्स्टॉलच्या डिरेक्टरी ठरवणारं मॉड्यूल) वापरणारा प्रोजेक्ट तिथे /यूएसआर/लोकल/लिब६४ मध्ये इन्स्टॉल होतो आणि लायब्ररीचे पाथ शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिग तिकडे आपणहून बघत नाही. पीकेजी_कॉन्फिग_पाथला /यूएसआर/लोकल/लिब६४/पीकेजीकॉन्फिग द्या. लिंक झालं, पण चालवताना 'एलडीडी' मध्ये (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) 'नॉट फाउंड' दिसलं, तर /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये त्या डिरेक्टरीची एका ओळीची .कॉन्फ फाइल करून 'सुडो एलडीकॉन्फिग' चालवा.

एवढं करूनही सीमेक जुनाच पाथ दाखवत असेल, तर सीमेककॅश.टीएक्सटी उडवा. पहिल्या फेरीत शोधलेले पाथ तो त्यात साठवून ठेवतो.