बेरियाट्रिक सर्जरी करायची की नाही: माझा निर्णय कसा झाला

मी बेरियाट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ते ऑपरेशन, करून घेणार आहे. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. हे ठरायला वर्षभर लागलं, आणि त्या वर्षात मला वाचायला जे हवं होतं ते मराठीत फारसं सापडलं नाही. एकीकडे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो, दुसरीकडे 'पोट कापून कोणी बारीक होतं का' म्हणणारी माणसं. नोकरी, सासर, उपास, इन्शुरन्स हे सगळं सांभाळत एखादी बाई असा निर्णय कसा घेते, ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

माझं वय ४४, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ९५ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साडेअडतीस. नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी, दिवसभर बसून. मधुमेहाला सात वर्षं झाली. इन्सुलिन नाही, पण गोळ्या वाढत गेल्या आणि तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेआठच्या खाली येईना. जोडीला बीपी, गुडघे आणि रात्री आडवं झालं की छातीत जळजळ.

डाएट केले का, हा प्रश्न मला कोणीही विचारतं, अगदी लग्नात शेजारी जेवायला बसलेली अनोळखी बाईसुद्धा. केले. वजन उतरवलंही, एकदा चौदा किलो. ते सगळं परत आलं. याचं कारण माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, तेव्हा बरीच वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरलं. वजन घटलं की शरीर त्याला उपासमार समजतं. भुकेची हार्मोन्स वाढतात, बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते, आणि हा बदल आठवड्यादोन आठवड्यांत जात नाही, वर्षानुवर्षं टिकतो. "तुमचा निर्धार कमी पडत नाही, शरीर उलट ओढतंय," असं त्या म्हणाल्या. ऑपरेशनचा विषय पहिल्यांदा त्यांनीच काढला.

मी लगेच तयार झाले नाही. पण आई डोळ्यासमोर होती. मधुमेहाने तिच्या किडन्या गेल्या. शेवटची दोन-अडीच वर्षं डायलिसिसमध्ये गेली. त्या खुर्चीशेजारी मी किती बसले आहे. माझ्या लघवीच्या तपासणीत प्रथिनं दिसू लागली, तेव्हा मला बारीक दिसण्याबिसण्याचं काही राहिलं नाही. मला ती खुर्ची नको होती.

आधी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विचार केला, कारण २०२५मध्ये सगळीकडे तीच चर्चा होती. मौंजारो मार्चमध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये. मी हा पर्याय मनापासून तपासला, आणि ज्यांना ऑपरेशन नको आहे त्यांच्यासाठी तो खरा पर्याय आहे असंच माझं मत आहे. मौंजारोच्या चाचण्यांमध्ये मोठ्या डोसवर सव्वा वर्षाहून थोड्या जास्त काळात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. ही औषधं येण्याआधी गोळ्या-इंजेक्शनांनी एवढं कधी होत नव्हतं. पण ती आठवड्याला एक कुपी घ्यायची. सुरुवातीच्या भावाने महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार रुपये. आणि बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, हेही चाचण्यांतच दिसलेलं आहे. माझ्या पगारात, मुलीची बारावी तोंडावर असताना, हे आयुष्यभर? २०२६च्या मार्चमध्ये सेमाग्लुटाइडचं (वेगोवीतलं औषध) पेटंट संपलं की किमती उतरतील, थांबा, असंही एकाने सुचवलं. डॉक्टर म्हणाल्या, उतरतील. पण तुमची साखर आणि तुमची किडनी थांबणार आहेत का? शिवाय ऑपरेशननंतर काही वर्षांनी वजन पुन्हा चढू लागलं तर हीच इंजेक्शनं तेव्हा वापरता येतात.

त्या संभाषणानंतर माझा प्रश्नच बदलला. तोपर्यंत मी 'सोपा मार्ग कुठला' याच्या शोधात होते. सोपा कुठलाच नाही. डाएट आयुष्यभर, इंजेक्शन आयुष्यभर, ऑपरेशननंतरच्या गोळ्या आणि तपासण्याही आयुष्यभर. मग यातलं कुठलं आयुष्यभराचं काम मला, माझ्या घरात, माझ्या पैशांत निभावेल? पुढचे सगळे निर्णय मी या प्रश्नाला धरून केले.

पहिल्या ठिकाणाचा अनुभव चांगला नव्हता. डॉक्टरांना भेटण्याआधीच एका काउन्सेलरने पॅकेज सांगितलं, ठरावीक तारखेच्या आत बुकिंग केलं तर सूट म्हणाली, आणि कुठलं ऑपरेशन तेही तिनेच ठरवलं: स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करणं. एंडोस्कोपी नाही, झोपेची तपासणी नाही. मी उठून आले. जिथे तपासणीआधी ऑपरेशन ठरतं तिथे थांबू नये, असं मी कोणालाही सांगेन.

नंतर मुंबईचे सर्जन शोधले. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, संध्याकाळी परत. त्यांनी पहिल्या भेटीत ऑपरेशनची तारीख काढलीच नाही, तपासण्यांची यादी दिली. रक्त, सोनोग्राफी, थायरॉइड, बी १२, ड जीवनसत्त्व, लोह, हृदयाचा टू-डी इको, एंडोस्कोपी, स्लीप स्टडी, मग आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ.

एंडोस्कोपीने माझं ऑपरेशन बदललं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. काढलेला भाग परत जोडता येत नाही. भुकेचं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे भूकही उतरते. ऑपरेशन तुलनेने सुटसुटीत, म्हणून ते सगळ्यात जास्त केलं जातं. पण अ‍ॅसिडिटी असलेल्यांमध्ये ती वाढू शकते. माझ्या अन्ननलिकेला खालच्या बाजूने सूज होती आणि लहानसा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) निघाला. सर्जन म्हणाले, तुमच्यासाठी बायपास. त्यात जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. काढून काही टाकत नाहीत, पण अन्नाची वाट बदलते. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे अनेकांची साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येते, कारण आतड्यातून सुटणारी हार्मोन्स बदलतात.

साखरेबद्दल मी त्यांना स्पष्ट विचारलं, मधुमेह जाईल का? त्यांनी 'जाईल' म्हटलं नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे दाखवले. सरासरी साखर ६ किंवा त्याखाली ठेवता आलेले लोक फक्त औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३, बायपासनंतर २९. म्हणजे बहुसंख्य लोक त्या रेषेपर्यंत पोचत नाहीतच, पण ऑपरेशन झालेल्यांची साखर औषधांवरच्या लोकांपेक्षा चांगली राहिली आणि गोळ्याही कमी झाल्या. मधुमेह जितका जुना तितकी शक्यता कमी, आणि इन्सुलिन सुरू झालं असेल तर आणखी कमी. सात वर्षं आणि इन्सुलिन नाही, म्हणजे माझी वेळ अजून गेलेली नव्हती. या आकड्यांमुळे मला त्यांच्यावर विश्वास बसला.

स्लीप स्टडी घरीच झाली. रात्री बोटाला, नाकाला आणि छातीला यंत्र लावून झोपायचं. तासाला ३०च्या वर वेळा श्वास अडकला तर आजार तीव्र समजतात. माझा आकडा ४१ आला. मी घोरते म्हणून घरात सगळे हसायचे, तो स्लीप अ‍ॅप्निया नावाचा आजार होता. ऑपरेशनआधी सीपॅप मशिन (हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपणं सक्तीचं केलं, कारण भुलीत अशा माणसाचा धोका वाढतो. मशिनचा मुखवटा सवयीचा व्हायला वेळ लागला, पण दुपारी कॅशच्या वह्या तपासताना डोळे मिटायचे ते थांबलं.

याच तपासणीने इन्शुरन्सही सुटला. हा भाग नीट वाचा, कारण इथे लोक अडकतात. डॉक्टरांचे निकष आणि विम्याचे निकष वेगळे आहेत. २०२२मध्ये बेरियाट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवे निकष दिले. त्यानुसार आपल्यासारख्या आशियाई लोकांना २७.५च्या वरच्या बीएमआयलाही ऑपरेशनचा पर्याय द्यावा, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. विमा नियामकाची अट मात्र वेगळी: वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार, आणि साधे उपाय करून झालेले असायला हवेत. ३० बीएमआयच्या माणसाला डॉक्टर हो म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल. माझं ३५च्या वर होतं. जुन्या डाएटच्या चिठ्ठ्या, साखरेचे रिपोर्ट, स्लीप स्टडी सगळं फाईलला लावलं. पॉलिसी जुनी होती म्हणून आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ संपला होता. तरी कंपनीने दोनदा शंका काढल्या. मंजुरी आली, पण पूर्ण रकमेला नाही. वरचे ऐंशी-नव्वद हजार आपले आपण भरायचे आहेत.

घरचं लिहायचं राहिलं. नवरा घाबरला होता. त्याने एकच धरून ठेवलं, टेबलावर काही झालं तर? सर्जननी सांगितलं, अनुभवी हातात मृत्यूचा धोका हजारात एक-दोन, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका. टाक्यांच्या जोडातून गळती शंभरात एखाद्याला होते, ती वेळेत ओळखावी लागते. यावर नवऱ्याने जो प्रश्न विचारला तो मला सुचला नसता: "गळती झाली आणि रात्रीचे दोन वाजले असतील, तर त्या वेळी इथे कोण असतं?" सर्जननी नावं सांगितली, आयसीयू दाखवलं. तिथून पुढे नवरा माझ्या बाजूने झाला. चुलत दीर म्हणाले, गडकरींनी २०११मध्ये केलं, बघा किती फिरतात. त्याने सासूबाईंवर जो परिणाम झाला तो माझ्या कुठल्याही रिपोर्टने झाला नव्हता.

सगळ्यात उपयोगी पडली ती हॉस्पिटलच्या रुग्णमेळाव्यात भेटलेली बाई. तिच्या बायपासला पाच वर्षं झालेली. तिने काही लपवलं नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले, नंतर आले. लग्नात पुरणपोळी अर्धी खाल्ली की घाम सुटतो, छातीत धडधडतं, आडवं व्हावं लागतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी आणि नंतर अर्धा तास ठेवायचा. डोकेदुखीच्या साध्या वाटणाऱ्या काही गोळ्या कायमच्या बंद, अल्सर होतो. आणि मधलं एक वर्ष तिने बी १२ची इंजेक्शनं घेतली नाहीत, तर पायांना मुंग्या येऊन चालताना तोल जायला लागला. वजन चाळीस किलो उतरलेलं, त्यातलं सहा परत आलेलं. पुन्हा निर्णय घ्यायचा असता तर? "दुसऱ्या दिवशी केलं असतं," म्हणाली.

आहारतज्ज्ञांनी माझ्या स्वयंपाकघराचा हिशोब मांडला. रोज साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत, तीही चिमूटभर पोटात. आम्ही अंडी खातो, मटण-मासे नाही. त्यामुळे आधी मूग, पनीर, अंडं, घट्ट दही, प्रोटीन पावडर आणि मग जागा उरली तर भाकरी. आणि उपास बंद. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, निर्जळी तर विचारूच नका, पाणी कमी पडून माणूस ॲडमिट होतं. संकष्टी, एकादशी, नवरात्र, हे सगळं आमच्या घरात सासूबाईंच्या जिवाचं. मी बरेच दिवस त्यांना सांगायचं टाळत होते. सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या वाटचे उपास मी करीन. तू गोळ्या चुकवू नकोस." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे मला निभावेल.

आता भाऊबीज झाली की यकृत लहान करणारा दोन आठवड्यांचा आहार सुरू होईल, पीठ-भात-साखर जवळजवळ बंद. धाकटी बहीण पुण्याहून येऊन मुंबईत माझ्याजवळ राहणार आहे. सीपॅप मशिन सोबत न्यायचं आहे. तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली. बी १२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा महिन्याचा खर्च काढून तो मी घराच्या हप्त्याशेजारीच वहीत लिहिला आहे.