एक प्लेट उजेडात, एक अंधारात

काही रसायने अंधारात निरुपद्रवी असतात आणि ऊन लागताच घातक ठरतात. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेणाऱ्याची त्वचा एरवी सोसवेल एवढ्या उन्हानेही भाजल्यासारखी लाल होऊ शकते. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि त्यातून निर्माण झालेली क्रियाशील रूपे पेशींची आवरणे निकामी करतात. हा धोका ओळखण्यासाठी गिनिपिगच्या पाठीवरचे केस काढून, तिथे रसायन लावून, वर अतिनील किरण सोडून त्वचा किती लाल होते आणि सुजते, हे पाहिले जात असे. जो प्रश्न मुळात प्रकाश आणि रेणू यांच्यातला आहे, त्यासाठी जिवंत प्राण्याची पाठ पोळवणे मला कधीच पटलेले नाही.

त्याला पर्याय म्हणून ओईसीडीने (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, अनेक देशांची संघटना) २००४ मध्ये चाचणी क्रमांक ४३२ स्वीकारली आणि तिच्या मांडणीतला साधेपणा मला फार मोलाचा वाटतो. उंदराच्या भ्रूणापासून पूर्वी मिळवलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवत आणलेल्या थ्रीटीथ्री पेशी दोन प्लेटमध्ये घेतात. दोन्हींत तेच रसायन चढत्या प्रमाणात घालून एक प्लेट सुमारे ५० मिनिटे अतिनील-ए किरणांखाली ठेवतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल ऊर्जा मिळते. दुसरी तेवढाच वेळ अंधारात राहते. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल रेड हा रंग घालतात. जिवंत पेशी तो आत साठवतात, मेलेल्या साठवत नाहीत. निम्म्या पेशी मारायला अंधारात लागणारे प्रमाण उजेडात लागणाऱ्या प्रमाणाच्या पाचपटीहून अधिक निघाले, तर ते रसायन प्रकाशामुळे विषारी होते असे मानतात. क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधासाठी हा फरक इतका ठळक असतो की चाचणी नीट चालली आहे की नाही, हे पडताळण्यासाठी तेच वापरतात.

अर्थात, ही चाचणी अतिसंवेदनशील आहे. तिचे ‘नाही’ भरवशाचे. ‘हो’ मात्र पुढच्या तपासाची सुरुवात, कारण प्लेटमधल्या पेशींना त्वचेच्या वरच्या थराचे संरक्षण नसते. म्हणूनच मानवी पेशींपासून घडवलेल्या थरदार त्वचेवरची, २०२१ मधली चाचणी क्रमांक ४९८ मला महत्त्वाची वाटते. तिथे रसायन खऱ्या त्वचेप्रमाणे वरून लावता येते. त्याही आधीची पायरी म्हणजे रेणू २९० ते ७०० नॅनोमीटरच्या टप्प्यात प्रकाश पुरेसा शोषतो का, हे मोजणे; तो शोषतच नसेल, तर पेशींनाही त्रास द्यायचे कारण उरत नाही.

एक गोष्ट मला अजूनही सलते. थ्रीटीथ्री पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यात नवजात वासराच्या रक्तातला सीरम असतो. प्राण्याविना चाचणी म्हणताना आपण हा घटक विसरू नये, आणि सीरमविरहित द्रवावरच्या कामाला आणखी वेग यावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.