सातबाऱ्याची घडी

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून लिहायला बसले.

सकाळचे ते सांगोल्याचे काका डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं म्हणून आमच्या कन्सल्टन्सीत आले होते, मुलाच्या हातात यूकेच्या विद्यापीठाची ऑफर. मी कर्जाची कागदपत्रं सांगत होते, तेवढ्यात काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला आणि टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. साडेचार एकर, डाळिंब. मी नीट वाचलाही नाही.

‘‘शेतजमीन तारण चालत नाही काका. एनए प्लॉट, फ्लॅट, एफडी, असं काही आहे का?’’

त्यांनी कागद उचलला. होत्या त्याच घड्यांवर पुन्हा घडी घातली, नखाने दाबली. मुलाकडे बघत म्हणाले, ‘‘म्हंजे हिची किंमत काहीच नाही व्हय?’’

आणि मी पुढचा फॉर्म काढला.

खरं तर उत्तर मला ठाऊक होतं. कर्ज थकलं तर बँक सरफेसी कायद्याखाली घर, फ्लॅट ताब्यात घेऊन विकू शकते. शेतजमीन त्या कायद्याने वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी जाऊ नये म्हणून. बँक तिला हात लावत नाही ती त्यामुळे, ती कवडीमोल आहे म्हणून नव्हे. दोन वाक्यं होती. तेवढीही बोलले नाही.

बाहेर सात जण बसले होते. सप्टेंबर इनटेक डोक्यावर, महिन्याचं टार्गेट अर्धंही नाही, घसा बसलेला. माझ्याकडेही कुणी बघायला हवं ना! पण दोन वाक्यांना किती वेळ लागतो?

जर्मनीचं नावही काढलं नाही. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या खास खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे, पण ते मुलालाच महिन्याला ९९२ प्रमाणे खर्चायला मिळतात. एपीएसला, म्हणजे मार्कशीट-डिग्री तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला, वेळ लागतो, हे खरं. पण का नाही सांगितलं, तेही मला ठाऊक आहे. तिथून ऑफिसला काही कमिशन येत नाही.

बाबांचा सातबारा अजून लोखंडी कपाटात आहे. असो.

‘चालत नाही.’ दिवसातून किती वेळा म्हणते मी हे! आज ऐकू आलं.

ठीक आहे. झालं ते झालं, काका काही पळून गेलेले नाहीत. नंबर मात्र मुलाचाच घेतलाय, काकांचा नाही. सकाळी लवकर लावते, ऑफिसला जायच्या आधी, आणि फोन वडलांकडे द्यायला सांगते. सहाला ते बागेत असतील.